आंबोणाचा परवाना

दिलीपकाका सोमवारी सकाळी आमच्या फ्लॅटच्या बॉम्ब शेल्टरमध्ये वारले. घोड्याच्या खुराकाच्या चार पिंपांमध्ये, पायात सेफ्टी शूज, खिशात पेन, आणि दारावर रीतसर भरलेला परवाना.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही झालेलं नाही. काका जहाजावर आहेत आणि तिथे नेटवर्क नाही. पनवेलला त्यांच्या बायकोला, संजीवनीकाकूंना, कोणी विचारलं तर त्याही हेच सांगतात. तेव्हा आपण काका ठणठणीत होते तिथपासून सुरुवात करू. म्हणजे फेब्रुवारीपासून. ठणठणीत म्हणजे कागदोपत्री अनफिटच होते, पण ते पुढे येईल.

काका माझे कोणी लागत नाहीत. सिंगापुरात क्लेमेंटीला एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहायचो. एक खोली त्यांची, एक माझी, आणि तिसरीला मालकीणबाईंचं कुलूप. मी पशुखाद्य आयात करणाऱ्या एका कंपनीत स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पुण्यात आई सांगते, रुचिर सिंगापूरला सप्लाय चेनमध्ये आहे. खरं आहे. चेनच्या दुसऱ्या टोकाला घोडा आहे एवढंच ती सांगत नाही.

काका बंदरातल्या एका सप्लाय बोटीवर चीफ इंजिनिअर होते. बाहेर नांगरलेल्या मोठ्या जहाजांना ही बोट भाजीपाला, पार्ट्स आणि माणसं पोचवते. वय अठ्ठावन्न, त्यातली एकतीस वर्षं पाण्यावर. फेब्रुवारीच्या मेडिकलमध्ये साखर वर निघाली, रक्तदाब त्याच्याही वर, आणि डॉक्टरांनी 'तात्पुरते अनफिट' असा शिक्का मारला. दहा आठवड्यांनी फेरतपासणी. पास झाले तर शेवटचा दोन वर्षांचा करार. नापास झाले तर पनवेल.

"पनवेल म्हणजे सोफा," काका म्हणाले. "सोफ्यावर मरेन मी. लिहून ठेव."

संजीवनीकाकूंचं मत फारसं वेगळं नव्हतं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा आणि काका बाजूला झाले की त्या मला धरायच्या.

"रुचिर, त्यांना पास करून घे बाबा. मागच्या सुट्टीत वॉशिंग मशीन तीनदा उघडलं. चालू होतं रे ते! फ्रिजला कान लावून बसतात."

"आवाज येत होता," मागून काका.

"फ्रिजमधून आवाज नाही येणार तर काय ओव्या येणार?"

काका पथ्याला पक्के होते. शिक्का बसला त्या दिवशी दारू सोडली, साखर सोडली, भात सोडला. रोज सकाळी पाच किलोमीटर चालणं आणि वर कारल्याचा रस, तोही चव घेत घेत, जणू आपल्याविरुद्ध पुरावा गोळा करतायत. सुटलं नाही ते इंजिन. लिफ्टमध्ये उभे राहून ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा म्हणाले, "वरचं बेअरिंग गेलंय." चार दिवसांनी लिफ्टवर दुरुस्तीची पाटी लागली. काका त्या पाटीसमोर असे उभे राहिले की मला वाटलं आता नमस्कार करतात.

डॉक्टरांनी ओट्स खायला सांगितले होते, म्हणून मी त्यांना ओट्स आणले. वीस किलोचं पोतं. वर घोड्याचं चित्र.

हा विनोद होता. सिंगापुरातल्या शर्यती बंद झाल्या, घोडे विमानाने परदेशी गेले, आणि आमच्या गोदामात त्यांचा खुराक उरला. स्वीट फीड म्हणतात त्याला: मका, ओट्स, सातू, आणि सगळ्याला चोपडलेली मळी. तारीख उलटली की माझ्या स्क्रीनवर ते पोतं लाल होतं. मग मी 'नष्ट' असं बटण दाबतो आणि कंपनीच्या दृष्टीने ते पोतं या जगात राहत नाही. त्यातलं एक मी खांद्यावर घेऊन एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घरी आणलं. एमआरटीत ड्युरियन हे उग्र वासाचं फळ न्यायला बंदी आहे. घोड्याच्या खुराकाबद्दल पाटीवर काहीही नाही.

"डायबेटिसवाल्याला मळी?" काका म्हणाले. मग त्यांनी पोत्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली.

"आंबोण," ते म्हणाले. "आमच्याकडे म्हशीला घालायचे. एक दिवस जास्त राहिलं की बुडबुडे यायचे त्याला."

पोत्यावर इंग्रजीत सूचना होती की हे घोडे आणि खेचरांसाठी आहे, मेंढ्यांना देऊ नये. काकांनी ती दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चालेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर ओट्यावर तीस लिटरचं पातेलं होतं, तांब्याची नळी होती, आणि ए-फोर कागदावर पेन्सिलीने काढलेला नकाशा. व्हॉल्व्हना नंबर दिलेले होते.

"मोठ्या जहाजांवर पिण्याचं पाणी कुठून येतं, फोर्थ?" त्या दिवसापासून मी फोर्थ झालो. फोर्थ इंजिनिअर, म्हणजे इंजिन रूममधला सगळ्यात खालचा प्राणी.

"नळातून."

"समुद्रातून. खारं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची, गोडं पाणी हातात. रोज वीस टन काढलंय मी. हे त्याच्यापुढे म्हणजे चहा करण्यासारखं आहे. आंबवायचं, उकळायचं, थेंब धरायचे."

"काका, हे बेकायदा आहे ना?"

"घरी बिअर करायला हरकत नाही."

"आणि उकळायला?"

"त्याला आहे."

"मग?"

"मग खिडकी लाव."

"पण पिणार कोण? तुमची तर तपासणी आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, जहाजाचं इंजिन खाणार कोण. "प्यायचं कशाला? प्लँट चालला पाहिजे."

आंबोण ठेवायला त्यांनी बॉम्ब शेल्टर निवडलं. इथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये प्रत्येक घराला ते असतं. कपाटाहून थोडी मोठी, बिनखिडकीची काँक्रीटची खोली, जाड पोलादी दार, भिंतीत वर हवेसाठी दोन भोकं, आणि त्या भोकांना पोलादी झाकणं. युद्ध झालं की कुटुंबाने आत जाऊन बसायचं. युद्ध होईपर्यंत लोक तिथे सुटकेसा आणि व्हॅक्यूम क्लीनर ठेवतात. आमचं रिकामं होतं. काकांनी दारावर बोटाने टक टक केलं, आत जाऊन उभे राहिले, दार ओढून घेतलं, आणि पाच मिनिटांनी बाहेर आले तेव्हा त्यांचा रक्तदाब नक्की कमी झालेला होता.

"हे जहाजच आहे रे," ते म्हणाले.

आणि जहाज म्हटल्यावर कागद आला.

वाचनालयातून त्यांनी फॉर्म छापून आणले. बंदिस्त जागेत शिरण्याचा परवाना. जहाजावर टाकीत किंवा तळाच्या कोठारात उतरायचं तर हा भरावा लागतो: कारण काय, हवा खेळती केली का, ऑक्सिजन किती टक्के, दारात कोण उभं आहे, परवानगी देणारा अधिकारी कोण. आमच्या घरी परवानगी मागणारा दिलीप आणि देणारा चीफ इंजिनिअर, म्हणजे दिलीप. तरी ते गंमत म्हणून करत नव्हते. एकदा त्यांनी स्वतःचा अर्ज स्वतःच नामंजूर केला, कारण पायात चपला होत्या. जाऊन सेफ्टी शूज घालून आले आणि नवीन अर्ज केला.

"आंबताना वायू सुटतो," त्यांनी मला पहिल्याच दिवशी दारात उभं करून सांगितलं. "जड असतो. खाली बसून राहतो. दिसत नाही. माणूस पिंपावर वाकतो आणि परत उठत नाही. म्हणून आधी दार पूर्ण उघडायचं. टेबलफॅन लावायचा. दहा मिनिटं. ती तू मोजायची. मग मी आत. मी आत असेपर्यंत तू दारात. फोन बघायचा नाही, माझ्याकडे बघायचं."

"आणि तुम्ही पडलात तर मी ओढून काढायचं."

"नाही!" ते एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या घराचं दार किलकिलं झालं. "तेच करायचं नाही. माझ्या जुन्या जहाजावर एक वायपर, इंजिन रूम पुसणारा पोरगा, टाकीत उतरला. वाकला, पडला. त्याचा दोस्त त्याला काढायला उतरला. तोही पडला. पहिला अपघात होता. दुसरा चांगुलपणा होता. तिसरा मी असतो, पण बोसनने, खलाशांच्या मुकादमाने, मागून माझी कॉलर धरली. तू आत यायचं नाही. ओरडायचं, ॲम्ब्युलन्ससाठी नऊशे पंच्याण्णवला फोन करायचा, आणि दारात उभं राहायचं."

"नुसतं उभं?"

"नुसतं उभं राहणं हेच सगळ्यात अवघड काम आहे, फोर्थ. म्हणून तर त्याला फॉर्मवर वेगळी जागा आहे."

ऑक्सिजनच्या रकान्यात ते २०.९ लिहायचे. मोकळ्या हवेत तेवढा असतो. तो मोजायचा मीटर कंपनीने फेब्रुवारीतच परत घेतला होता. आकडा मात्र काकांना पाठ होता, तो कंपनीला परत घेता आला नाही.

पहिला घाणा मार्चमध्ये निघाला. रविवारी दुपारी, जेवणानंतर, इंडक्शन शेगडीवर. काकांनी बॉयलर सूट घातला होता. नळी बर्फाच्या बादलीतून फिरवली होती, पातेल्याच्या झाकणाला कणकेने लिंपलं होतं, आणि वहीत दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहिलं जात होतं. अक्षर इतकं सुंदर की आईला फोटो पाठवावा. पहिला थेंब पडला तेव्हा काकांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली. सुरुवातीचं सगळं विषारी म्हणून त्यांनी मोरीत ओतलं. त्यानंतरचं एका बाटलीत धरलं आणि उजेडासमोर उभं केलं.

"घे. तुझ्यावर चाचणी."

मी घोट घेतला. आधी काही नाही. मग कोणीतरी तबेल्याचं दार माझ्या घशात जोराने आपटलं. शेवटी जिभेवर थोडा गूळ राहिला, माफी मागितल्यासारखा.

"कसं आहे?"

"घोडा मेलाय, पण समाधानाने."

काकांनी वहीत लिहिलं: 'चव – समाधानकारक.' मग बाटली नाकाजवळ नेली, वास घेतला, बूच लावलं. एक थेंब जिभेला लावला नाही. मी बघत होतो. शेगडी बंद केल्यावर मात्र ते खुर्चीत बसले आणि त्यांचा चेहरा पुन्हा पनवेलसारखा झाला.

म्हणून मी आणखी पोती आणली. हे मी पोलिसांनाही सांगितलं. त्यांना कारण हवं होतं. मी म्हणालो, सर, ते शेगडीकडे बघत तेव्हा बरे दिसत. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

एप्रिलमध्ये शेल्टरमध्ये चार पिंपं झाली होती. फेरतपासणी जवळ येईल तसा काकांचा प्लँट मोठा होत होता. कारल्याचा रस आता ते दोनदा घेत, चालणं आठ किलोमीटर, आणि संध्याकाळी पिंपांची तपासणी. दार उघड, पंखा लाव, दहा मिनिटं, दारात उभा राहा, आत जाऊन ढवळणं, बाहेर, सही. सकाळी कामावर जाण्याआधी पुन्हा तेच. पंख्यासमोरची दहा मिनिटं मला डोळे उघडे ठेवून झोपायची सवय लागली होती.

वास मात्र परवाना मागत नव्हता. हवेच्या भोकांतून तो थेट कॉरिडॉरमध्ये जायचा. समोरच्या आंटीने मला लिफ्टपाशी गाठलं आणि वाक्याला 'लेह', 'वॉट' अशी शेपटं लावणाऱ्या इथल्या इंग्रजीत विचारलं.

"आ बॉय, युअर हाउस गॉट हॉर्स आ?"

"नो, आंटी."

"स्मेल लाइक हॉर्स, लेह."

"आंटी, एकोणिसाव्या मजल्यावर घोडा कसा येईल?" हे मी इंग्रजीत म्हणालो.

"लिफ्ट बिग इनफ, वॉट," आंटी म्हणाली, आणि तिने विचार केलेला होता हे दिसत होतं.

त्या आठवड्यात मालकीणबाईंचा मेसेज आला की त्या पुढच्या बुधवारी घर पाहायला येतील. काकांनी हिशेब केला. सोमवारपर्यंत आंबणं पूर्ण होईल, मंगळवारी सगळं उकळून पिंपं धुऊन खाली जातील. तोवर वास कोंडायचा. त्यांनी पान्याने दोन्ही पोलादी झाकणं आवळली. शेल्टर आता बॉम्बच काय, गॅसहल्ल्यापासूनही सुरक्षित होतं. बाहेरच्या गॅसपासून.

"आता पंखा दहा नाही, वीस मिनिटं," ते म्हणाले. "लक्षात ठेव."

"सकाळीसुद्धा?"

"सकाळी जास्त. रात्रभर साठतो."

"काका, सकाळी मला बस असते."

"मग लवकर ऊठ."

आता मी काय केलं ते सांगतो. त्या शनिवारी दुपारी मी कॉटवर लोळत मॅच बघत होतो. काका परवान्यांचा गठ्ठा घेऊन आले. चाळीस कोरे फॉर्म. दर वेळी मला शोधून सही घ्यायची, पेन शोधायचं, वेळ जातो, असं काहीतरी म्हणत होते. मी म्हटलं, द्या इकडे. आणि 'दारात उभा असलेला माणूस' या रकान्यात मी चाळीस वेळा सही केली. एका ओव्हरच्या आणि जाहिरातीच्या मध्ये. बाविसाव्या फॉर्मनंतर सही सुधारली होती.

काकांनी गठ्ठा हातात घेऊन पाहिला. मला वाटलं फाडून टाकतील. एकतीस वर्षांत त्यांनी कित्येक फोर्थना याच कारणावरून झाडलं असणार.

"जहाजावर असं केलंस तर पुढच्या बंदरात उतरवीन," ते म्हणाले.

"हे जहाज नाही, काका. हे स्टोअर रूम आहे."

त्यांनी गठ्ठ्याच्या कडा सरळ केल्या. मग हसले आणि गठ्ठा ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणजे तेही माणूस होते. जहाजांवरही असंच होतं, त्यांनीच सांगितलं होतं: चहा पिताना आठवडाभराचे परवाने सही करून ठेवतात, आणि बहुतेक आठवडे काही होत नाही.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, त्यांची फेरतपासणी झाली होती. निकाल सोमवारी ईमेलने येणार होता. रविवारी संध्याकाळी काकूंचा फोन आला तेव्हा काका गप्प होते.

"घाबरलेत," काकू मला म्हणाल्या. "तीस वर्षं वादळात कधी घाबरले नाहीत. रुचिर, उद्या सकाळी त्यांच्याबरोबर थांबशील का जरा? निकाल येईपर्यंत?"

"थांबतो की, काकू," मी म्हणालो.

सोमवारी मी सात पस्तीसला निघालो. गोदामात साडेआठला नवीन कंटेनर येणार होता. काका स्वयंपाकघरात कारलं किसत होते. मी बूट घालत म्हटलं, "शेल्टरमध्ये जाऊ नका हं, मी संध्याकाळी आलो की बघू." हे मी म्हटलं. म्हटलं असावं. पोलिसांना मी 'म्हटलं' असं सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

अकरा वाजता काकूंचा फोन. "उचलत नाहीत रे. पाच वेळा केला." मी म्हटलं चालायला गेले असतील. साडेअकराला पुन्हा. मी टॅक्सी केली.

फ्लॅटमध्ये टीव्ही चालू होता. कारल्याचा रस झाकून ठेवलेला होता. शेल्टरचं दार ओढून घेतलेलं होतं, वास बाहेर जाऊ नये म्हणून, आणि दारावर चिकटपट्टीने फॉर्म लावला होता. कारण: ढवळणे. ऑक्सिजन: २०.९. हवा खेळती केली: होय. वेळ: सकाळी ७.४०. दारात उभा असलेला माणूस: रुचिर. सही माझीच होती. सुधारल्यानंतरची.

टेबलफॅन माझ्या खोलीत होता. रात्री उकडलं म्हणून मीच नेला होता.

मी दार उघडलं. काका दुसऱ्या पिंपाशी गुडघ्यांवर बसल्यासारखे होते, कपाळ पिंपाच्या कडेला टेकवून, जणू आत काहीतरी वाजतंय आणि ते ऐकतायत. फ्रिजला कान लावून बसतात म्हणतात ते बहुधा असंच. हातातला लाकडी दांडा आंबोणात तरंगत होता. बुडबुडे येत होते. अजून येत होते.

मी हाक मारली. मग ओरडलो. मग एक पाऊल आत टाकलं, आणि कोणीतरी मागून कॉलर धरली. मागे कोणी नव्हतं.

मी पाऊल मागे घेतलं. नऊशे पंच्याण्णवला फोन केला. पंखा आणून लावला, घराचं मुख्य दार उघडलं, खिडक्या उघडल्या. मग दारात उभा राहिलो. फोन पाहिला नाही. त्यांच्याकडे पाहिलं. अकरा मिनिटं. फॉर्ममध्ये लिहिल्याप्रमाणे मी माझ्या जागेवर होतो, फक्त चार तास उशिरा. समोरची आंटी तिच्या दारात येऊन उभी राहिली.

गणवेशातल्या लोकांनी पाठीवर सिलिंडर बांधून आत जाऊन त्यांना बाहेर काढलं. एकाने दारावरचा फॉर्म वाचला, मग माझ्याकडे बघून दुसऱ्यांदा वाचला.

तपास अधिकारी तरुण होता, बहुतेक माझ्याच वयाचा.

"ही सही तुमची?"

"हो."

"सात चाळीसला तुम्ही दारात होता?"

"नाही. बसस्टॉपवर होतो."

"मग हे काय आहे?"

"परवाना."

"कसला?"

मी सांगितलं. पूर्ण पद्धत सांगितली, पंख्यापासून वीस मिनिटांपर्यंत. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं."

"त्यांनीच तर मला शिकवलं."

त्याने बाटली, पातेलं, नळी, वही सगळं पिशव्यांत भरून नेलं. वहीतलं अक्षर पाहून तो दोन पानं थांबला. ड्रॉवरमधला गठ्ठाही नेला. शनिवारी दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत चार वापरले होते. पहिल्या तिन्हींच्या वेळी मी खरंच दारात होतो. पस्तीस फॉर्म सहीसकट कोरे राहिले, आणि एक माझ्या पलंगाखाली सापडला, मॅचच्या वेळी पडलेला. तो मी दिला नाही. माझ्यावर पुढे काय होणार ते अजून ठरलेलं नाही. खुराक आणल्याचं एक आहे, उकळल्याचं एक आहे, सहीचं कोणत्या कलमात बसतं ते शोधतायत.

दुपारी तीन वाजता टेबलावर काकांचा फोन वाजला. ईमेल होता. पासवर्ड लागला नाही, पहिली ओळ स्क्रीनवर आपोआप दिसली. साखर मर्यादेत. रक्तदाब मर्यादेत. समुद्री सेवेसाठी फिट, निर्बंध नाहीत.

काकूंना मी पहिल्यांदा हेच सांगितलं. "काकू, पास झाले." त्या रडायला लागल्या, आनंदाने. मग मला दुसरं सांगावं लागलं. असा क्रम कोणी लावत नाही. मी लावला.

मग त्यांनी विचारलं, "प्यायले होते का?"

"नाही काकू. एक थेंब नाही. कधीच."

"खरं सांग."

"शपथ. रिपोर्टमध्येही येईल."

"मग करत काय होते ते एवढं सगळं?"

"चालू ठेवत होते," मी म्हणालो.

त्या "अच्छा" म्हणाल्या. वॉशिंग मशीनच्या वेळी म्हणाल्या असतील तशाच.

त्यांचा भाऊ येऊन काकांना घेऊन गेला. त्यानंतरही काकू रोज संध्याकाळी त्याच वेळेला मला फोन करतात. परवा म्हणाल्या, "मला काही वेगळं वाटतच नाही रे. दर वेळी जातात तसेच गेलेत. सोसायटीत विचारतात तर मी सांगते, बोटीवर आहेत. खोटं थोडंच आहे? फिट होते ना? सुट्टीवर नऊ महिन्यांनी यायचे, ते महिने झाले की मग कळेल मला."

मग विचारलं, "तू होतास ना रे तिथे? एकटे नव्हते ना ते?"

कागदावर आहे, काकू, असं मी म्हणणार होतो. म्हणालो नाही. आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. नेटवर्क उत्तम होतं.

शेल्टर आता धुऊन पुसून रिकामं आहे. मालकीणबाईंनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. झाकणं मी उघडली. काल पलंगाखालचा तो फॉर्म काढून सरळ केला. सही आधीच होती. बाकीचं बहुतेक भरलं, मागच्या कोऱ्या बाजूला एक अर्ज लिहिला, फॉर्म दारावर चिकटपट्टीने लावला, आणि दार पूर्ण उघडं ठेवून समोर उभा राहिलो.

प्रति,
चीफ इंजिनिअर (परवानगी देणारे एकमेव अधिकारी) यांस,

विषय: दारात उभे राहण्याची परवानगी मागील तारखेपासून मिळण्याबाबत.

महोदय,

खाली सही करणार हा आपल्या हाताखाली फोर्थ या पदावर असून त्याने शनिवारी सोमवारची सही केली, ही चूक त्यास मान्य आहे. तरी सोमवारी सकाळी सात वीस ते आपण बाहेर येईपर्यंत त्यास सदर दारात उभे राहण्याची परवानगी द्यावी. पंख्याची वीस मिनिटे तो स्वतः मोजेल. ऑक्सिजनचा रकाना आपल्या सोयीसाठी कोरा ठेवला आहे. पायात बूट आहेत. बस सोडून देण्यात येईल. अर्ज नामंजूर करावयाचा असल्यास तसे बाहेर येऊन समक्ष कळवावे, ही नम्र विनंती.

सोबत: टेबलफॅन, एक.